सुरयांच्या पट्ट्यातली पावलं

जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या जागेत चालायचा एक नियम आहे. पुढे एकानेच चालायचं. त्याने जमीन बघत, एकेक पाऊल ठरवून टाकायचं. मागच्याने त्याच्या पावलातच पाऊल ठेवायचं, वीतभरही इकडेतिकडे जायचं नाही. सुरय पक्ष्याचं अंडं आणि शेजारचा खडा सारखेच दिसतात. चुकीच्या जागी पाय पडला की कळतं, पण तेव्हा कळून उपयोग नसतो.

आमच्यात पुढे नीलांबरी असायची. मी मागे.

मी वीज मंडळात मीटर तपासणीत नोकरी केली. नीलांबरी, माझी बायको, नगरला, सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. पक्ष्यांचं वेड तिचं. मी गाडी चालवायचो, पाण्याच्या बाटल्या उचलायचो आणि सांगेल तिथे गप्प उभा राहायचो.

जायकवाडी धरणाचं पाणी मागे शेवगाव तालुक्यापर्यंत पसरलं आहे. त्याला इकडे फुगवटा म्हणतात. उन्हाळ्यात पाणी हटतं आणि बुडालेली जमीन उघडी पडते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांची पोरं-नातवंडं त्या गाळात कलिंगड, काकडी, चाऱ्याची मका करतात. ही गाळपेर. आणि त्याच उघड्या जमिनीवर, एप्रिल-मेच्या उन्हात, सुरय, पाणभिंगऱ्या, टिटव्या आणि शेकाटे अंडी घालतात. नांगर आणि अंडी एकाच जागी. नीलांबरीने त्यातून मार्ग काढला होता. ती घरट्यांच्या कडेने काठ्या रोवायची, काठ्यांना जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधायची. शेतकरी काठ्यांच्या आत नांगर घालायचे नाहीत. पिल्लं उडाली की ती काठ्या काढून न्यायची. कागद नाही, सही नाही. इतकी वर्षं एवढ्यावर चाललं.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. ताप आला, दवाखान्यात ठेवली, घरी आली नाही. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कणीक किती भिजवायची याचा अंदाज मला येत नव्हता. रोज चपात्या उरायच्या.

एप्रिलच्या शेवटी फोन आला.

"काका, भागवत बोलतोय. फुगवट्यावरनं."

"बोल."

"पानी औंदा लवकर हटलं. तुमची पाखरं आलीत."

  मग म्हणाला, "काका, परवा सकाळी ट्रॅक्टर येतोय. खालच्या पट्ट्यात मका टाकायचीय. खुना करून द्या, तेवढी जागा सोडतो. म्याडमचा शब्द हाय."

"दोन-चार दिवस थांबता येणार नाही का?"

"ट्रॅक्टर भाड्याचा हाय. ह्या टायमाला न्हाई घेतला तर फिरून नंबर कवा लागंल सांगता येत न्हाई. आन मका न्हाई केली तर पावसाळ्यापतोर जनावरांनी काय खावं? म्या सगळाच पट्टा सोडू म्हनता का?"

त्याचं बरोबर होतं. मी येतो म्हणालो.

संध्याकाळी पुण्याहून रुचाचा, माझ्या मुलीचा फोन आला. तिला सांगितलं तर हसायला लागली. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला अंडी दिसतात तरी का? आई म्हणायची, तुझ्या बाबांना ताटातलं मीठ दिसत नाही."

"बघू," म्हटलं.

पण फोन ठेवल्यावर मी बसून राहिलो, कारण रुचा थट्टेत बोलली ते खरंच होतं. इतके उन्हाळे मी त्या पट्ट्यात गेलो. पक्षी डोक्यावर ओरडत असायचे, नीलांबरी कुजबुजत सांगत असायची, हे बघा तीन, हे बघा दोन. आणि मी बघायचो तिच्या टाचा. पाऊल चुकू नये म्हणून दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. तिची पावलं मात्र मला पाठ होती. ती गाळात अनवाणी चालायची, चपलेतून जमीन कळत नाही म्हणायची. मी सँडल घालून. माझा पाय तिच्या पावलात मावायचा नाही, टाच मागे बाहेर राहायची. तिच्या उजव्या पावलात, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, जोडव्याची बारीक आडवी रेघ उमटायची. डाव्यात नाही. डाव्या पायातलं जोडवं दोन वर्षांपूर्वी ह्याच गाळात निसटलं होतं. आम्ही खूप शोधलं. नवीन घेऊ म्हटलं तर म्हणाली, "असू द्या. पक्ष्यांच्या जागेचं भाडं दिलं समजा." उजव्या पायातलं शेवटपर्यंत निघालं नाही. दवाखान्यात नर्सने साबण लावून पाहिलं. शेवटी ते तिच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच गाडी काढली. उजाडायला फुगवट्यावर पोचलो.

वरच्या पट्ट्यात भागवत आणि त्याची बायको मनकर्णा कलिंगडं तोडून बांधावर रचत होते. भागवत चाळिशीचा, उंच, कायम डोक्याला गमछा. मनकर्णा त्याच्यापेक्षा जास्त बोलते. मला बघून तिने हातातलं कलिंगड खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर ओढून घेतला.

"बसा काका. आधी पानी प्या."

"आधी काठ्या रोवतो. ऊन चढायच्या आत बाहेर यायला पाहिजे."

हेही नीलांबरीचंच. ऊन चढल्यावर आई अंड्यांवरून उठली तर अंडी भाजतात.

खालचा पट्टा म्हणजे पाण्यात गेलेली एक लांब जीभ. तिच्यावर मुरमाचे आणि खडीचे लहान लहान उंचवटे, आणि उंचवट्यांच्या मधून गाळाच्या वाटा. अंडी उंचवट्यांवर. मी काठ्यांची मोळी काखेत घेऊन आत शिरलो आणि सुरय उठले. पांढरे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे. त्यांची पद्धत अशी की जो पुढे असेल त्याच्या डोक्यावर झडप घालायची. आजवर ती नीलांबरी झेलायची आणि हसायची. त्या दिवशी माझ्या टोपीवर पहिला फटका बसला तेव्हा मला कळलं की आता पुढे मीच आहे.

मी जमीन बघत होतो. खडे दिसत होते. सगळे खडेच होते. पाच-सहा पावलं गेलो असेन. उंचवट्याच्या कडेला पाय टेकला आणि सँडलखाली काहीतरी हलकंसं फुटलं.

पाय उचलून पाहिलं. ओलं, पिवळं. शेजारी अजून दोन होती. आता दिसली.

मी तसाच मागे वळलो. आलेल्या पावलांवरून बाहेर आलो. काठ्यांची मोळी तशीच काखेत होती.

भागवतने सगळं बांधावरून पाहिलं होतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. अंदाजानं कडंकडंनं रोवू."

"अंदाजाने रोवून काय उपयोग? घरटी बाहेर राहिली तर ट्रॅक्टरखाली जातील."

"मग काय करायचं?"

 ऊन चढलं होतं. आता संधी होती ती दुसऱ्या दिवशी पहाटेची, ट्रॅक्टर येण्याआधीची. मी परत नगरला गेलो नाही. भागवतच्या घरी राहिलो. मनकर्णाने पिठलं-भाकरी केली आणि जेवताना म्हणाली, "म्याडम मला म्हनायच्या, ह्यांना मागं ठिवलंय म्हनून माजी पाठ राखली जाती. न्हाईतर हे कुटंबी पाय घालत्याल."

भागवत तिला दटावायला गेला. पण मला हसू आलं. हे नीलांबरी नक्की म्हणाली असणार.

रात्री वारा सुटला. फुगवट्यावर वारा सुटला की पाणी पसरतं, पट्ट्यातल्या सखल वाटांमधून फिरतं आणि वारा पडला की मागे जातं. उंचवटे कोरडे राहतात. सकाळी वाटांवर गाळाचा नवा थर असतो, सपाट, पाटी पुसल्यासारखा.

पहाटे मी एकटाच खाली गेलो. माझी आदल्या दिवशीची पावलं पुसली गेली होती. तांबडं फुटत होतं. सुरय उंचवट्यांवर बसून होते. पाण्यात एक शराटी चोचीने चिखल उकरत होती.

वाटेच्या तोंडाशी गाळात दोन पावलं होती.

अनवाणी. शेजारी शेजारी, पट्ट्याच्या आतल्या बाजूला तोंड करून. तिथून पुढे एकेक पाऊल आत जात होतं.

मी आधी मागे पाहिलं. बांधापासून त्या दोन पावलांपर्यंत सगळा गाळ कोरा होता. कुणी चालत आल्याची खूण नव्हती. पाण्याकडूनही नव्हती. कुणीतरी उचलून तिथे ठेवावं तशी ती दोन पावलं सुरू झाली होती.

मी खाली बसून बघितलं. मीटर बंद आहे म्हणायच्या आधी सगळ्या तारा तपासायच्या, ही मला लागलेली सवय. उजव्या पावलात, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, बारीक आडवी रेघ होती. डाव्या पावलात नव्हती.

मनकर्णा बांधावर आली होती. मी तिला हाक मारली. ती आली आणि वाटेबाहेरच थांबली.

"तू आज आत गेली होतीस?"

"मी? कशाला? ती पाखरं टाळकं फोडत्यात."

"जरा इथे गाळात पाय ठेव."

तिने विचित्र नजरेने माझ्याकडे पाहिलं, पण चप्पल काढून पाय ठेवला. पसरट, रुंद पाऊल. दोन्ही पायांना जोडव्यांच्या रेघा. मग तिचं लक्ष त्या दुसऱ्या पावलांकडे गेलं. तिने ती पाहिली. पाय उचलून घेतला, चप्पल घातली आणि बांधाकडे गेली. जाताना तिने एकदा हात जोडलेले मी पाहिले.

लांबून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता.

मी काठ्या काखेत घेतल्या आणि पहिल्या पावलात पाऊल ठेवलं. टाच मागे बाहेर राहिली, कायमच राहायची तेवढीच.

सुरय उठले. मी मान आत घेतली. फटका बसला नाही. वर पाहिलं.

ते झडप घालत होते, पण माझ्यावर नाही. माझ्या दोन हात पुढे, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. एकामागून एक सुरय ओरडत खाली यायचा, त्या रिकाम्या जागेवर चोच मारून वर जायचा.

मी चालत राहिलो. खाली बघत, पावलात पाऊल. वाट सरळ नव्हती. एका उंचवट्याला डावीकडून वळसा, दुसऱ्याला उजवीकडून. मध्येच एका ठिकाणी पुढचं पाऊल नव्हतं. दोन्ही पावलं जवळजवळ, खोल रुतलेली, एका बाजूला वळलेली. काठी रोवायची असली की नीलांबरी अशीच उभी राहायची.

मी त्या पावलांत उभा राहिलो आणि बोटं वळली होती तिकडे पाहिलं.

तीन अंडी होती. मातकट, तपकिरी ठिपक्यांची. उथळ खळग्यात टोकं आत करून ठेवलेली. आणि एकदा दिसली ती दिसलीच. मग पलीकडे दोन दिसली, त्यांच्याही पलीकडे पाणभिंगरीची वाळूच्या रंगाची अगदी लहान. सगळा उंचवटा अंड्यांनी भरला होता. इतके उन्हाळे मी ह्याच्या मधून चाललो होतो.

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण हसू आलं. मोठ्याने आलं. काठी रोवली, चिंधी बांधली. हिरवी, तिची शाळेत जायची साडी.

पुढे पावलं. पुन्हा थांबलेली दोन. पुन्हा काठी.

ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा माझ्या काठ्या संपल्या होत्या. तेवढ्याच काठ्या लागल्या. पावलं पट्ट्याला वळसा घालून टोकाशी गेली होती आणि पाण्याच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून, संपली होती. सुरय आता पाण्यावर, थोड्या आत, हवेत घिरट्या घालत होते. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मग आलेल्या पावलांवरून परत फिरलो.

भागवतने ट्रॅक्टर बंद केला होता. तो माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता.

"काका, पाखरं कुनाला मारत व्हती?"

"मला."

"तुमाला न्हाई. म्या बघितलं. तुमच्या म्होरं कुनाला तरी मारत व्हती."

 मनकर्णा त्याला म्हणाली, "नांगर घाला गप. इचारू नगा."

त्याने नांगर घातला. काठ्यांच्या कडेने, इतका जवळून की फाळाची माती चिंध्यांवर उडत होती. काठ्यांच्या आत तो गेला नाही. काम झाल्यावर तो ओळीओळीतून चालत फिरला, माती पायाने उकरत. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"म्याडम व्हत्या तवा बी दोन-चार अंडी फाळाखाली यायचीच. खोटं कशाला बोलू? औंदा येक बी न्हाई."

त्या दिवशी आम्ही बांधावर बसून एक अख्खं कलिंगड फोडून खाल्लं. शेवटची फोड मनकर्णाने पाण्याच्या दिशेला, एका दगडावर नेऊन ठेवली. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. भागवत म्हणाला, "खेकडं खात्याल." ती म्हणाली, "खाऊ द्यात. तुमच्या बाचं काय जातं?"

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या उन्हाळ्यांपैकी एक होता. असं लिहिताना विचित्र वाटतं, पण खरं आहे.

मी दर दोन-चार दिवसांनी जायचो. रुचा फोनवर विचारायची, आज कुठे, आणि मी म्हणायचो, फुगवट्यावर. ती खूष व्हायची. सकाळी गाळ कोरा असला की पावलं असायची, माझी वाट बघत. मी मागून जायचो. आणि आता मला दिसत होतं. चमचे पक्षी ओळीत चालत चिखल ढवळायचे. शेकाटे लांब लाल पायांवर तोल सावरत ओरडायचे. उन्हाने पाणी थरथरायला लागलं की पलीकडच्या काठावर उशिरा राहिलेले रोहित पक्षी, जागेवरच विरघळल्यासारखे गुलाबी दिसायचे. दुपार व्हायला लागली की सुरय पाण्यात पोट बुडवून यायचे आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायचे, अंडी गार करायला. हे नीलांबरीने मला शंभर वेळा सांगितलं असेल. मी हं हं म्हटलं असेल.

एकदा मी तपासायचं ठरवलं. उजाडायच्या आधी जाऊन वाटेच्या तोंडाशी बसलो आणि समोरच्या कोऱ्या गाळावरून नजर हलवली नाही. सूर्य वर आला. काही झालं नाही. पाय बधिर झाले. मागून मनकर्णाने हाक मारली, "काका, चहा!" मी मान वळवून "आलो" म्हटलं आणि परत समोर पाहिलं.

दोन पावलं होती. कडेने पाणी अजून आत झिरपत होतं.

"बरं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "नाही बघत."

त्यानंतर मी तपासलं नाही.

मेच्या मध्याला अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. मातीच्या रंगाची, कापसाच्या बोळ्यासारखी. ती घरट्यात थांबत नाहीत, आईची हाक आली की पळतात आणि धोका वाटला की मिळेल त्या खळग्यात दबून बसतात. सावलीलाही खळगाच लागतो. एका सकाळी मी पाऊल टाकायला पाय उचलला आणि तसाच थांबलो. पुढच्या पावलात, टाचेच्या खळग्यात, एक पिल्लू बसलं होतं. त्याच्या पुढच्या पावलात आणखी एक. जिथवर पावलं गेली होती तिथवर, अधूनमधून, तिच्या टाचांत पिल्लं बसली होती. मी एका पायावर उभा होतो आणि मला हसूही दाबता येईना.

भागवत बांधावरून ओरडला, "काका, काय बगळा झालाय का तुमचा?"

जूनमध्ये ढग यायला लागले. पिल्लांना पंख फुटले. आधी पाण्यावर धडपडत उडायची, मग सरळ उडायला लागली. मका गुडघ्याएवढी झाली होती. एका सकाळी पट्टा रिकामा झाला. सुरय समोरच्या लहान बेटावर जाऊन बसले होते, पिल्लांसकट. मी काठ्या काढायला गेलो. त्या दिवशी आत जायला पावलांची गरज नव्हती आणि पावलं नव्हतीही. चिंध्या सोडल्या, काठ्या बांधल्या. जरा रिकामं वाटलं, पण वाईट वाटलं नाही.

मोळी घेऊन वळलो तेव्हा पट्ट्याच्या टोकाकडे नजर गेली.

आदल्या दिवशीपर्यंत पाण्याखाली असलेली जमीन तिथे उघडी पडली होती. कोरा गाळ. त्याच्यावर पावलं होती, बेटाच्या दिशेने गेलेली.

मी जवळ गेलो. कडेला थांबलो.

अनवाणी पावलं. उजव्यात रेघ.

आणि प्रत्येक पावलात वरून दुसरं पाऊल पडलेलं होतं. मोठं. सँडलचं. टाच मागे बाहेर राहिलेली.

मी अजून त्या गाळावर पाय ठेवला नव्हता.

मी वाकलो. सँडलचा ठसा स्वच्छ होता. सगळ्या तळावर नागमोडी रेघा आणि टाचेच्या मधोमध एक लहान चांदणी. मी तिथेच मोळीवर बसून पायातला सँडल काढला आणि उलटा करून पाहिला. माझे तळ केव्हाच झिजून गुळगुळीत झालेले. रेघ नाही, काही नाही.

पावलं पाण्यात शिरत होती. पाणी उथळ होतं, तळ दिसत होता. तळाच्या गाळावरही ती होती, एकात एक, बेटापर्यंत. परत येणारी नव्हती.

बेटावर सुरय शांत बसले होते.

"काका!" भागवतने हाक मारली. "शेवटचं कलिंगड हाय! आता म्होरच्या साली!"

"आलो," मी म्हटलं आणि गेलो. कलिंगड गोड होतं. मनकर्णाने विचारलं, "काय झालं? गप का?" मी म्हटलं, "काही नाही. छान झाला उन्हाळा." ते खरं होतं.

शनिवारी रुचा आली. दोन दिवस राहणार होती. येताना आंबे आणले होते, माझ्यासाठी दोन शर्ट आणले होते, आणि एक खोका.

"बाबा, तुमच्या सँडलचे तळ पाहिलेत का? मागच्या वेळीच बघितले मी, किती झिजलेत. त्या चिखलात घसरून पडाल."

मी खोका उघडला. चांगले होते, तपकिरी, बंदाचे. घालून पाहिले. बरोबर बसले. रुचा म्हणाली, "जरा चालून दाखवा." मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो. मग खुर्चीत बसून ते काढले आणि एक उलटा करून पाहिला. नागमोडी रेघा होत्या. टाचेच्या मधोमध चांदणी होती.

मी दोन्ही पुन्हा कागदात गुंडाळले आणि खोक्यात ठेवले.

"हे काय?" रुचा म्हणाली. "आवडले नाहीत?"

"आवडले ना. खूप आवडले."

"मग घाला की."

"घालीन," मी म्हटलं. "उन्हाळा येऊ दे."